उस्ताद आणि न जेवणारे मासे

उस्तादांचं सगळं आयुष्य उभ्याने गेलं. खुर्चीत बसायचं ते गिऱ्हाइकाने, आपण तिच्याभोवती फिरायचं. वस्तरा त्यांच्या हातात असा चाले की माणसं दाढी होता होता घोरायला लागत. मग हात थरथरायला लागला. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग सुनेला, मग मुलाला, आणि सगळ्यांत शेवटी उस्तादांना. त्यांनी ते कबूल मात्र केलं नाही.

खुर्ची मुलाने सांभाळली. उस्ताद तरीही रोज त्याच्याबरोबर सलूनमध्ये येत, देवाच्या तसबिरीला हात जोडत आणि मग दिवसभर नुसते इकडून तिकडे. धुतलेले कंगवे पुन्हा धुवायचे, बाटल्या पुसायच्या, गिऱ्हाइकाच्या मानेवर वाकून “इथे जरा राहिलंय” म्हणायचं. एकदा मुलगा फोनवर बोलायला दाराशी गेला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक तोंडाला फेस लावून बसला होता. उस्तादांनी वस्तरा उचलला. आरशात तो वस्तरा थरथरत जवळ येताना पाहून चष्मेवाला जो उठला, तो फेसासकट थेट आपल्या दुकानात. तिथे त्याचं गिऱ्हाईक दचकलं ते वेगळंच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलगा आणि सून हळू आवाजात बोलत होती. उस्ताद बाहेर बेसिनपाशी हात धूत होते. हात गेले असले तरी कान शाबूत होते.

“उद्या कुणाचा गळाबिळा कापला म्हणजे?” सून म्हणत होती. “मी कामाला जाताना बाहेरून कडी लावून जाईन. जीव तुटतो माझा, पण दुसरं काही सुचत नाही.”

“कडी? बाबांना?”

“मग तुम्हीच सांगा काय करायचं ते.”

“मी मासे आणतो,” मुलगा म्हणाला. “दाताच्या दवाखान्यात बघितलेत मी. माणसं आपलं दुखणं विसरून टक लावून बसतात. बाबा एका जागी बसले तर ठीक. नाहीतर मग तू म्हणतेस तसं.”

म्हणजे आपला जामीन आता माशांनी भरायचा, हे उस्तादांना समजलं: मासे टिकले तर सलून, नाहीतर घरात कडी.

सलूनच्या कोपऱ्यात काचेची टाकी आली, मासे आले. दोनच, पण देखणे. चपटे, त्रिकोणी, अंगावर काळे पट्टे, लांब पंख. मासेवाल्याने बजावून सांगितलं, “गरम मुलखातले आहेत. पिशवी आधी तशीच टाकीत तरंगू द्या, घाईने ओतू नका. आज टाकीचा दिवा लावायचा नाही, खायला घालायचं नाही. त्यांच्या नादी लागू नका.”

“आल्या आल्या उपाशी ठेवायचे?” उस्तादांना ते पटलंच नाही. मुलाची पाठ वळली तशी त्यांनी बाटलीतून चिमूटभर माशांचे दाणे टाकले. थरथरत्या हाताची चिमूट ती, निम्मी बाटली रिकामी झाली. मासे पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या मागे जाऊन अंग चोरून उभे राहिले. पट्टे फिके पडले होते. दाणे फुगून तळाशी बसले आणि सकाळपर्यंत पाणी पातळ ताकासारखं झालं.

मुलाने थोडं पाणी काढलं, थोडं भरलं. मग म्हणाला, “बाबा, हात जोडतो. नुसतं बसा.”

उस्ताद बसले. उठले. पुन्हा बसले. काचेला नाक लावून बघितलं, मासे आणखी मागे सरकले. लांबून बघितलं, तर दिसेचनात. एखादा दाणा तोंडात घेऊन मासा थू करून टाकी, तेव्हा उस्ताद तोंड फिरवत. देवासमोर उभे राहून त्यांनी मनात म्हटलं, देवा, तुझ्यामागे मोठमोठी कामं आहेत, ठाऊक आहे मला. पण जमलं तर या दोघांना भूक दे. आणि पुन्हा टाकीपाशी आले.

“जेवले का जावई?” चष्मेवाला दारातूनच विचारी. आत मात्र येत नसे.

“तू तुझ्या काचा पूस,” उस्ताद म्हणत.

पण दिवसभर बघत राहिलेल्या माणसाला जे दिसतं, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही. एका दुपारी सलून शांत होतं. मुलगा एकाचे केस कापत होता, कैचीची किटकिट तेवढी चाललेली. एक मासा हळूच पुढे आला. पंख मोकळे, पट्टे काळेभोर. दाण्यापाशी तोंड नेलं. उस्तादांनी श्वास रोखला. इतक्यात गिऱ्हाईक उठलं आणि मुलाने त्याच्या अंगावरचं पांढरं कापड हवेत झटकलं. फट्! मासा हीटरमागे गडप.

पुढच्या गिऱ्हाइकाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

“तू झटकतोस!” उस्ताद ओरडलेच.

“काय?”

“कापड! ते अंगावर आल्यासारखं वाटतं त्यांना. कसे गिळणार बिचारे?”

“बाबा, तुम्हीच शिकवलंत ना? आवाज असा आला पाहिजे की खुर्ची रिकामी झाल्याचं रस्त्यापर्यंत कळावं.”

ते खरंच होतं. तो फटका उस्तादांचाच. त्यावर माणसं पलीकडच्या फुटपाथवरून उठून यायची. आपल्याच हाताने लावलेली सवय, आणि आता तीच आपल्याला घरात कोंडायला निघाली!

“नाही झटकत,” मुलगा म्हणाला. दोन गिऱ्हाइकं त्याने जपून कापड गुंडाळलं. तिसऱ्याला गप्पांच्या नादात हात आपोआप वर गेला. फट्!

“अरे!”

“हात ऐकत नाही हो, बाबा.”

“मला सांगतोस?” उस्ताद म्हणाले. मग स्वतःच उठले आणि त्याच्या हातातून कापड ओढून घेतलं. “आण इकडे.”

पायरीवर जाऊन, रस्त्याकडे तोंड करून त्यांनी ते झटकलं. आवाज जुन्यासारखाच आला. हाताची थरथर काही थांबली नव्हती, पण कापड झटकायला ती आड येत नव्हती.

“उलट केस चांगले झडतायत की,” चष्मेवाला त्याच्या दारातून म्हणाला.

“तू ये, तुझेही झडवतो.” बोलून झाल्यावर उस्तादांना हसू आलं. चष्मेवालाही हसला, आणि मग बऱ्याच दिवसांनी दाढी करून घ्यायला आत येऊन बसला. बसण्याआधी वस्तरा मुलाच्याच हातात आहे, हे तेवढं त्याने बघून घेतलं.

त्यानंतर दर गिऱ्हाइकामागे उस्ताद आत, बाहेर, आत, बाहेर. टाकीपाशी टिकायला त्यांना उसंतच मिळेना. आणि ते असेच बाहेर कापड झटकत असताना आतून मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, “बाबा! खाल्लं! दोघांनी!”

उस्ताद धावत आले ते दारातच थबकले. पुढे गेलो तर बिचकतील. मान लांब करून बघितलं, पण मध्ये पुन्हा दाढीला बसलेल्या चष्मेवाल्याचं डोकं.

“थुंकले नाहीत ना?”

“गिळलं. दुसरा दाणा शोधतायत.”

“त्यातला मोठा कोणता, डावीकडचा ना? त्याने किती—”

“बाबा, हळू.”

उस्तादांनी हातातल्या कापडाची उगाचच एकदा घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

संध्याकाळी कामावरून घरी जाताना सून सलूनमध्ये डोकावली. सासरे पायरीवर होते. तिने आत येऊन नवऱ्याला हळूच विचारलं, “बसतात का आता?”

“बसतात कुठले! सारखे आतबाहेर. पण वस्तऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. वेळच नाही त्यांना.”

ती टाकीसमोर थोडी थांबली. मासे दोन्ही पुढे येऊन काचेतून तिच्याकडे बघत होते, खायला मागितल्यासारखे. तिने पदर सावरला आणि बाहेर पडली.

“बाबा, उद्यापासून डबा दोघांचा देते. दिवसभर इथेच लागाल तुम्ही.”

उस्तादांनी कापड झटकलं. केस उडून तिच्या साडीवर आले.

“अगंबाई, बाबा!”

“बाजूने जायचं मग,” उस्ताद म्हणाले, आणि घाईने आत वळले. खुर्चीवर पुढचं गिऱ्हाईक बसलेलं होतं.