फाटकाची मोटार

माझ्या थोरल्या दिरांनी आपली सारी नोकरी एका कारखान्याच्या फाटकावर केली. साहेबांची गाडी आली की फाटक उघडायचे, गेली की लोटायचे, हेच त्यांचे काम होते. म्हणून निवृत्त होताच त्यांनी स्वतःच्या घराला बटणावर सरकणारे फाटक बसवून घेतले आणि जाहीर केले, "यापुढे हा हात फाटकाला लागणार नाही."

यंदा त्या फाटकाची मोटार बिघडली. फाटक निम्मे उघडे आणि रुसल्यासारखे परत मिटे. वायरमन म्हणाला, "दुरुस्त होईल, पण भरवसा नाही. नवीच बसवा." भाऊजींचा निर्णय होईना, कारण जुनीवर त्यांचा फार जीव होता. अखेर जाऊबाईंनी जावयांना फोन केला, "मोटार फार कुरकुरते हो. दुरुस्त करावी की बदलावी?"

अंगणात भाऊजींची जुनी चारचाकीही उभी असे. जावयांना वाटले, विषय तिचाच आहे. त्यांनी तत्परतेने जुन्या गाड्यांचा दलाल धाडला. तो अर्ध्या उघडलेल्या फाटकातून अंग चोरून आत आला.

"मोटार बघायला आलोय. चालते का?"

"निम्म्यापर्यंत चालते. मग आपोआप मागे येते," भाऊजी म्हणाले.

दलाल दचकला. "ब्रेक?"

"तो कशाला?"

"धक्का मारावा लागतो?"

"धक्का मारायचा नाही म्हणून तर घेतली!"

"बरं, बसतात किती?"

"बसतंय कोण? नातवंडं लोंबकळतात. मी ओरडतो."

जाऊबाई हसत बाहेर आल्या. "अहो, ते गाडीचं विचारतायत!"

दलालाने कपाळावर हात मारला. परंतु तोवर फाटक मिटले होते आणि बटणही दाद देईना. भाऊजी बटण दाबतच राहिले. तेव्हा जाऊबाईंनी खांदा लावून फाटक सरकवले.

"तुला कसं गं जमलं?"

"मोटार बिघडल्यापासून मीच ढकलतेय. दूधवाला काय उडून आत येतो?"

भाऊजींचे तोंड उतरले. आपल्या हाताच्या आरामाचा भार बायकोच्या खांद्यावर पडला आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी तेथूनच वायरमनला फोन लावला. "नवीच बसव. आजच."

"उद्या येतो, काका."

दलाल निघून गेला. जाऊबाई फाटक लोटायला वळल्या, तोच भाऊजी पुढे झाले.

"सर बाजूला."

"अहो, पण तुमची ती प्रतिज्ञा?"

"प्रतिज्ञा गेली खड्ड्यात. तू चहा टाक," असे म्हणून भाऊजींनी दोन्ही हातांनी फाटक लोटले.