खऱ्या बोटीतलं डोहाळजेवण आणि बंद पडलेलं इंजिन

परवा रविवारी शिरोळजवळच्या आमच्या गावी, कृष्णेच्या पात्रात मधोमध अडकलो... तेही बहिणीच्या डोहाळजेवणाला.

प्राजक्ता, माझी धाकटी बहीण. सातवा महिना चालू आहे. डोहाळजेवणाला फुलांच्या खोट्या नावेत बसवून फोटो काढतात ना, ते तिला नको होतं. "घरची खरी बोट असताना पुठ्ठ्याची कशाला?"

मग बाळूकाकांनी त्यांच्या जुन्या बोटीला झेंडूच्या माळा बांधल्या, आम्हाला लाईफ जॅकेट चढवली आणि निघालो. काठावर आई, प्राजक्ताच्या सासूबाई आणि सगळ्या बायका मोबाईल धरून उभ्या.

इंजिन झकास सुरू झालं. पण मध्यावर गेल्यावर आचके देत बंद पडलं. काकांनी दोरी ओढली, जरा फटफटलं, परत गप्प. बोट प्रवाहाबरोबर खाली सरकायला लागली... काठावरचे मोबाईलही खाली आले.

"काका, पेट्रोल संपलं का?" मी विचारलं.

"भरून घेतलंय की."

प्लग नवा, पाईप कुठं गळत नव्हता. पण पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा पार चपटा होऊन बसलेला, काही केल्या फुगेना. काकांनी वल्हं माझ्या हातात दिलं. प्राजक्ता पोटावर हात ठेवून बसलेली... खरं सांगतो, घाबरलो.

शेवटी काकांनी आत बघायला म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स... टाकीनं हवा ओढून घेतली आणि फुगा टम्म झाला.

काका झाकणावरचा छोटा स्क्रू बघत बसले. तो सैल असला तरच टाकीत हवा शिरते आणि पेट्रोल इंजिनकडं जातं. "ह्यो कुणी आवळला?"

"मी," प्राजक्ता हळूच म्हणाली. "पेट्रोलचा वास येत होता काका... लई मळमळत होतं."

काका असे हसले की बोट हलायला लागली. "अगं पोरी, इंजिनाचा श्वासच कोंडलास की."

तिला पुढं वाऱ्याला बसवलं, स्क्रू सैल केला, फुगा दाबला, दोरी ओढली... पहिल्याच झटक्यात धडधडलं. काठाला लागलो तर आईनं पदर खोचला. "आता मला फिरवा."

ही बोट काकांनी घेतली ती पुरासाठी. आजवर आम्ही तिच्यात चढलो ते दारात पाणी आल्यावर, हाताला लागेल ते सामान घेऊन. आईला तिच्यात हसताना मात्र परवा पहिल्यांदाच बघितलं.