गंधाराचा खळगा

मी व्हायोलिन शिकले ते गेलेल्या बाईकडून. हे वाचून लगेच देव्हाऱ्याकडे बघू नका. सांगते तसं ऐका, मग त्यात भिण्यासारखं किती आणि साधं किती ते तुमचं तुम्हीच ठरवा.

साठ सालानंतरची ती वर्षं. बोईसरला गाडीतून उतरून तारापूरच्या रस्त्याला लागलं की बांधकामाचे ट्रक धूळ उडवत पुढे जायचे आणि त्या धुळीतून आमची एसटी. माझं माहेर पालघरचं. तारापूरला आले ती बिजवराच्या घरात. हे शाळेत मास्तर. पहिली तापानं गेलेली, तिच्या मागे चार-पाच वर्षांची मुलगी. घरात सासूबाई, हे, ती पोर आणि मी. शिवाय माजघरात भिंतीला टांगलेलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं तिचं व्हायोलिन. तिच्या माहेरच्यांनी ते परत नेलं नव्हतं. पोरीचं आहे म्हणाले, राहू दे.

पोर माझ्याजवळ येत नसे. रडणं नाही, हट्ट नाही. वाढलं की जेवायची, वेणी घालायला बसवलं की बसायची, पण कशी, तर स्टेशनात बाकावर अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी. मला हाक म्हणून नाहीच. आई नाही, काकी नाही, नुसतं अगंसुद्धा नाही. मीही कालपर्यंत पोरच होते. मला वाटायचं, हिनं एकदा माझा पदर धरून ओढला की मी या घरात आले.

एका दुपारी सगळी आपापल्या जागी होती. हे शाळेत, सासूबाई मागच्या दारी, पोर ओट्यावर. मी ते गाठोडं उतरवलं. माहेरी भजनाच्या पेटीवर बोटं फिरवलेली, एवढाच माझा सुराशी संबंध. व्हायोलिन मांडी घालून वाजवतात, टोक पायाशी टेकवतात, हे एका कीर्तनात पाहिलेलं. खाऱ्या हवेनं तारा तांबूस झाल्या होत्या, त्या फडक्यानं पुसल्या. खुंट्या पिळून कसेबसे सा आणि प जुळवले. गजाला राळ घासली. राळेच्या वडीवर तिच्या गजानं पाडलेली चर होती, माझा गज आपसूक त्याच चरीतून गेला.

मग सा-च्या तारेवर बोट ठेवलं आणि ते घसरून एका जागी बसलं.

वाकून बघितलं. तारेखालच्या काळ्या पट्टीवर बारीक खळगे पडले होते. लहानपणापासून वाजवत होती म्हणे ती. बोटं टेकून टेकून लाकूड झिजलेलं. रिषभाचा उथळ, मध्यमाचा थोडा खोल, आणि गंधाराचा सगळ्यात खोल. म्हणजे तिला तोच छळत असणार. मला काय, आयता रस्ता मिळाला. खळगा चाचपायचा, बोट सोडायचं, सूर हजर. दोनेक महिन्यांत मी साधी भजनं काढू लागले.

पण एक व्हायला लागलं. मी गंधारावर थांबले की पोर ओट्यावरून आत यायची आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायची. हलायची नाही. मी थांबून "काय गं, आवडतं का?" म्हटलं की उठून जायची. पुन्हा गज टेकला की पुन्हा येऊन पाठमोरी. तिच्या मानेवर शहारा आलेला मला दिसायचा. मी तिच्या पाठीला बघून वाजवायचे आणि ती भिंतीत कुणाला बघायची, कोण जाणे.

नवापूरची मासेवाली आमच्याकडे नेहमीची. टोपली थेट मागच्या पडवीत उतरवायची, पाणी मागायची, दोन शिव्या नवऱ्याला द्यायची. एका दुपारी ती ओट्याखालीच उभी राहिली.

"बाय, आत कोन हाय?"

"मीच आहे. ये ना."

"तू नाय. मगाशी वाजवत व्हती ती."

"अगं मीच वाजवत होते."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्या मागच्या अंधाऱ्या माजघरात बघितलं. "मंग तिचा हात तुला लागला," म्हणाली. बोंबील ओट्याच्या कडेवर ठेवले. "आज हितंच घे. आमी आत नाय येत."

सासूबाई मागून सगळं ऐकत होत्या. त्यांच्या हाताला तांदळाचं पीठ होतं, ते त्या कितीतरी वेळ पुशीत राहिल्या.

यांच्या शाळेत एक मास्तर पेटी वाजवणारे होते. एका रविवारी ते आले, ऐकलं, आणि मोकळेपणानं म्हणाले, "वहिनी, हात गोड आहे, पण गंधार उतरलाय तुमचा." पेटी आणवली, पट्टी दाबून धरली. "चढवा जरा. अजून. हां, इथं." खळग्यातून बोट वर, माझ्या अंगाकडे आलं. किती, तर तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. ते महिनाभर पेटी ठेवून गेले.

म्हटलं, चला, हा तरी सूर आपला स्वतःचा होईल. पण बोट राहील तर ना. मान वळवली की ते पुन्हा खळग्यात. जसं काही आतून कुणी नख धरून ओढतंय. शेवटी नव्या जागेवर काळा दोरा बांधला आणि रोज दुपारी एका हातानं पेटीची पट्टी दाबून, मग गज उचलून, तो एकच सूर घासला. पेटी, व्हायोलिन, पेटी, व्हायोलिन. काही आठवड्यांनी दोन्ही एक झाले.

ज्या दुपारी एक झाले त्या दुपारी पोर भिंतीपासून उठली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी वाजवत होते तेव्हा ती मागच्या दारी सासूबाईंना विचारताना ऐकलं, "आई कुठं गेली?"

वर्षभरात तिनं हा प्रश्न विचारलेला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

सासूबाई आत आल्या. "काय केलंस गं?"

"सूर सुधारला, आई."

"असेल," म्हणाल्या. "दुपारचं घर रिकामं वाटतंय."

त्यानंतर पोर वेणी घालायलाही माझ्याजवळ बसेना. जेवण अर्धं टाकू लागली. हे म्हणाले, थोडे दिवस माहेरी जाऊन ये, तिलाही बदल. मी व्हायोलिनही घेतलं.

पालघरला आमच्या शेजारी एक गाणं शिकवणाऱ्या बाई राहायच्या. मुली जमायच्या त्यांच्याकडे. माझ्या आईनं कौतुकानं मला तिकडे ढकललं. पोर दारात बसली, पाय बाहेर सोडून. बाईंनी तंबोरा जुळवला आणि छेडत राहिल्या. थोड्या वेळानं मला काहीतरी जाणवलं म्हणून दाराकडे पाहिलं.

पोर उठून आत आली होती. आमच्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

मी व्हायोलिनला हात लावलेला नव्हता. ते पिशवीत होतं.

"बाई, गंधार कोण वाजवतंय?" मी विचारलं. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. तोच, तिचा, उतरलेला.

बाई हसल्या. "ऐकू आला तुला? बरा कान आहे. तारा मोज. एक प, तीन सा. गंधार कुणी लावलेलाच नाही. सगळं जुळलं की तो खर्जाच्या पोटातून आपला आपण येतो."

"पण हा तर उतरलाय."

"कशापेक्षा?"

"पेटीपेक्षा."

"पेटीचा चढाच असतो गं. तिची घडणच तशी, ती तरी काय करणार. हा खरा."

मी व्हायोलिन काढलं, तंबोऱ्याशी जुळवलं. आधी दोऱ्यावर बोट ठेवलं. सूर कचकचला, दाताखाली खडा यावा तसा. मग बोट सैल सोडलं. ते घसरून खळग्यात गेलं आणि माझा आवाज नाहीसा झाला. गज चालत होता, तार हाताखाली थरथरत होती, पण कुठला सूर माझा आणि कुठला तंबोऱ्याचा हे वेगळं काढता येईना. मला वाटलं, कुणीतरी मलाच पुसून टाकलं. बाई डोळे मिटून मान हलवत होत्या. पोर भिंतीकडे बघत होती.

दोरा मी तिथंच दातानं तोडला.

तारापूरला आल्यावर रोज दुपारी वाजवायला बसले. तंबोरा नव्हता, पण आता कानात होता. पोर यायची, पाठमोरी बसायची. मी बोलवायचं सोडून दिलं. मनात म्हणायचे, तू आईला भेटायला येतेस ना, ये. मी बोटं देते. माझ्या वाट्याला तुझी पाठ आली तर पाठ. जेवण सुधारलं तिचं. मासेवालीही पुन्हा पडवीपर्यंत यायला लागली. माझ्याकडे न बघता माजघराकडे बघून, "बरी हाय ना?" विचारायची, आणि मी "बरी आहे" म्हणायचे.

असे किती दिवस गेले, सांगता येणार नाही. एका दुपारी गंधारावर लांब थांबले होते, गज संपत आला होता, आणि पाठमोरी पोर भिंतीशी बोलावं तशी म्हणाली,

"आई दमली."

माझा गज थांबला.

मग ती जागच्या जागी वळली. मांडी सावरली आणि तोंड माझ्याकडे करून, माझ्या हातांकडे बघत म्हणाली,

"आता तू वाजव."

आजवर वाजवताना माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं हो. गज टेकला, तर गंधार राहू दे, मोकळ्या तारेचा सा सुद्धा धड निघेना. किरकिरला नुसता.

"चुकलं," ती म्हणाली, आणि सरकून पुढे आली.