तुरीच्या दाण्याएवढं घर

पांढरकवड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो आणि पहिल्याच फाल्गुनात आमच्या गावाचं चित्र काढायला घरी गेलो. गाव टेकडीच्या उतारावर. वर पाटलाचं घर, मधे बाकी वस्ती, आणि अगदी खाली नाल्याकाठी आमची घरं. छप्पनला दीक्षा घेऊन आम्ही देव्हारा रिकामा केला होता, पण घरं होती तिथेच राहिली.

रंगाची पेटी पाहून पाटलांनी स्वतः हाक मारली, "या मास्तर, बसा." त्यांच्या ओट्यावर मी जन्मात पहिल्यांदा बसलो. घरातल्याच कपात चहा आला. मी असा फुगलो की विचारू नका. तिथूनच चित्र काढलं. फुललेले पळस, मोहाखालचा पाला जाळल्याचा धूर, खाली उतरत गेलेली कवेलूची छपरं.

ते ओलंच घेऊन आईकडे गेलो. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची. चित्राच्या कडेला बोट ठेवून तिने विचारलं, "हा खांब कोनाचा?"

"पाटलाच्या ओट्याचा."

"अन् आपलं घर?"

मी तळाशी दाखवलं. तुरीच्या दाण्याएवढं होतं.

"बाप्पा! त्याचा खांब एवढा मोठा अन् आपलं घर इतकुसं? शिकून-सवरून तूबी आपल्याले लहानच काढलं?"

मला हसू आलं. मास्तरकी दाखवत म्हणालो, "माय, लांबचं लहान दिसते."

तिने पुन्हा त्या खांबावर नजर टाकली. मग म्हणाली, "मंग तू लांब जाऊन काहून बसला?"

वरून गाव नीट दिसतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. पुढच्या फाल्गुनात आपल्या दारातून काढतो, असं कबूल केलं.

"तवा मले दाखवजो," ती म्हणाली.

पावसाळ्यात ती तापाने गेली.

फाल्गुनात येऊन मी कुलूप काढलं आणि उंबऱ्याच्या आत बसलो. तिथून अख्खी टेकडी दिसत होती, माथ्यापर्यंत. पाटलाच्या ओट्यावरून तर ती एवढी दिसली नव्हती. वरून नीट दिसतं असं मी आईशी खोटं बोललो होतो, आणि ते तिला तेव्हाच कळलं असणार. याची लाज मला अजून वाटते.

आमच्या दाराची चौकट कागदभर आली. पाटलाचं घर वर कुठेतरी, तुरीच्या दाण्याएवढं. चित्र चांगलं झालं होतं. वाळायच्या आत उचललं आणि दाखवायला घरात वळलो.

चूल थंड होती. मी तसाच उभा राहिलो, चित्र पुढे धरून.