वाघाने वाकवलेला फोर्क

मी बाबांची जुनी मोटरसायकल जंगलातल्या मोहर्लीच्या रस्त्यावर ‘हळू चालवा’ लिहिलेल्या पाटीवर आदळली. घरी मात्र वाघ आडवा आल्याचं सांगितलं. आमच्याकडे अपघाताला वाघाइतकं सभ्य कारण नाही. तेव्हापासून बाबा पुढचं चाक धरणारा वाकलेला फोर्क पाहुण्यांना कौतुकाने दाखवत आणि मी खाली मान घालून बसे. यंदा गाडी दुरुस्तीला काढली. मिस्त्री फोर्कच्या नळ्या सरळ करायला बसला, तर बाबांनी अडवलं.

"वाघाची निशाणी हाय, हात नको लावू."

शेवटी मी मिस्त्रीसमोरच खरं काय ते सांगून टाकलं.

बाबा त्याला म्हणाले, "वाघ पाहिलेला माणूस असाच बरळते. भेव अजून गेलं नाई त्याचं."

गाडीला नव्या नळ्या बसल्या. जुन्या वाकड्या नळ्या बैठकीत टांगल्या आहेत. पाहुणे आले की बाबा मला त्या नळ्यांखाली उभं करतात.