शेळी बसंल तिथं कोरडं

माझी धाकटी बहीण शिवकन्या समुद्राकाठच्या एका शहरात नोकरी करते. पुढं समुद्र वाढला तर कोणत्या गल्लीत पाणी शिरंल, ह्याचा नकाशा तिचं हापिस काढून राहिलं. आमच्या सेनगाव तालुक्यात समुद्र न्हाई, पण तिची अक्कल इथलीच हाय. मी सातवी शिकलेला, पण तिला शेळ्यांमागं मीच फिरवलं.

कोळीवाड्यातल्या एका गल्लीबद्दल तिचे साहेब म्हणले, "मशीन सांगतं, इथं धोका नाही." नकाशातून सुटली असती तर त्या गल्लीला समुद्र अडवायची भिंत मिळाली नसती. शिवकन्या म्हणली, "साहेब, इथल्या शेळ्या गल्ली सोडून देवळाच्या पायऱ्यांवर बसतात. शेळी ओल्या जागी बसत न्हाई." साहेब हसले. पुनवेच्या उधाणाला त्याच गल्लीत साहेबांचे बूट भिजले, अन् गल्ली नकाशात आली.

साहेबांनी विचारलं, "ही पद्धत कुठं शिकलात?"

"आमच्या दादाकडं."

दिवाळीला मी हे आमच्या नव्या घरापुढं साऱ्या गावाला सांगून राहिलो होतो. शिवकन्या हळूच म्हणली, "दादा, मंग आपल्या शेळ्या शेजारच्या संतरामच्या ओट्यावर काहून बसतात?"

सारे हसले. आता मी मुरूम टाकून अंगण उंच करून राहिलो. संतराम रोज इचारतो, "शेळ्या कवा नेतू?"

मी म्हणतो, "थांब जरा. तुझ्या ओट्याचा सर्वे चालू हाय."