वेलीचे तीन तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि तिला तर मी नको ते सगळं सांगते. मग तुम्हाला का? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल.

मी काही वाईट बाई नाही, अशी सुरुवात करणार होते. खोडलं ते.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, जुरोंग ईस्टला, बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत अकाउंट्सला, म्हणजे रोज एमआरटीने, इथल्या मेट्रोने, या टोकापासून त्या टोकाला. नवरा, सुहास, वन-नॉर्थला नोकरीला. घरी बिअर बनवायला इथे परवानगी मिळाली होती आणि सुहासला तेच वेड लागलेलं. रविवारी स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात. सासूबाई गेल्यावर सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, उभ्या जन्मात दारूला न शिवलेले — आणि मुलाच्या बिअरसाठी हॉप्सची वेल लावायला बसले. का? त्या बापलेकांत बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. वेल थंड देशातली. तिला हिवाळा लागतो, उन्हाळ्याचे लांबच लांब दिवस लागतात. आणि इथे काय? बारा महिने तोच उकाडा, बारा तासांचा तोच दिवस. मी म्हटलं, बाबा, कशाला डोकेफोड? ते नुसते हसले. सुहासच्या ऑफिसातल्या कुणीतरी दिलेला मुळाचा तुकडा त्यांनी ओल्या भुशात गुंडाळला आणि दोन महिने फ्रिजमध्ये ठेवला, भाजीच्या कप्प्यात. "हा तिचा हिवाळा," म्हणाले. मी रोज कोथिंबीर काढताना तो हिवाळा बाजूला सरकवायचे.

मग कुंडी हॉलच्या खिडकीत आली. आणि काय सांगू तुम्हाला — ती वेल चक्क चालायची. सकाळी ऑफिसला निघताना शेंडा तिच्यासाठी टांगलेल्या दोरीच्या एका बाजूला, संध्याकाळी आले की दुसऱ्या. नेहमी घड्याळाच्या काट्यांसारखी उजवीकडेच वळायची. एकदा मी गंमत म्हणून तिला उलटी गुंडाळली, तर दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला सोडवून घेतलेलं. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि हिला कसं कळतं? मी तिथेच पर्स खांद्याला लावून उभी राहायचे. पण बाबांना हे कधी बोलून दाखवलं नाही.

बाबा म्हणाले, तिला दिवस मोजता येतो. अंधार लवकर पडला की तिला वाटतं थंडी आली, आणि ती वाढणं थांबवते. म्हणून सातच्या सुमाराला अंधारू लागलं की ते तिच्यावर मोठा दिवा लावायचे. तो अकरापर्यंत हवा. पण त्यांना आठला जेवून खोलीत जायची सवय. सुहास म्हणाला, टायमर आणतो. बाबा म्हणाले, "घरात माणसं असताना यंत्र कशाला? वृंदा करेल की बंद. करशील ना गं, अकराला?"

मी हो म्हटलं.

आता किती टाळू? मी तो दिवा आठलाच बंद करायचे. त्यांच्या खोलीचं दार लागलं, की बटण. सुहास उशिरा यायचा, त्याला दिव्याचं भान नसायचं.

पहिल्या दिवशी उजेड डोळ्यांवर येतो म्हणून केलं. पुढे? पुढे जाणूनबुजून. वेल कमरेएवढी झाली आणि थांबली. बाबांनी माती बदलली, खत बदललं, पुन्हा मूळ फ्रिजमध्ये, पुन्हा कुंडी. या खेपेला नाही फुलली तर मी परत जातो, म्हणाले. नुसतं खाऊन बसायचं तर पुण्यात बसेन. मी ते ऐकलं. नीट ऐकलं. त्या दिवशीही आठला बटण दाबलं.

मला ते जायला हवे होते. त्रास काय होता त्यांचा? काहीच नाही. स्वतःचं ताट स्वतः घासणारा माणूस. पण रविवारी बापलेक त्या कुंडीपाशी बसून हसायचे आणि मी माझ्याच हॉलमध्ये पाहुणी. सुहास माझ्यासोबत असा हसून किती वर्षं झाली होती? एवढंच. एवढ्यासाठी मी रोज न चुकता तीन तासांचा उजेड चोरला.

दुसऱ्यांदाही वेल कमरेशीच थांबली. बाबा पुण्याला गेले.

सुहासने मग टायमर आणला. बाबांची वेल आहे, आणखी एकदा बघू, म्हणाला. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? पुढच्या वर्षी वेल छताला लागली, पडद्याच्या दांडीवरून आडवी गेली. सुहास महिनाभर ऑफिसच्या कामाला जकार्ताला होता, तेव्हा एका शनिवारी सकाळी मी पडदा सरकवला — आणि सगळी वेल लगडलेली. अंगठ्याएवढी फिकट हिरवी फुलं, कागदी पाकळ्या एकीवर एक. एक उकललं तर आत हळदीसारखी पूड, आणि वास — लिंबाच्या सालीचा, ओल्या गवताचा, आणखी कशाचा तरी, ज्याला माझ्याकडे नाव नाही. बेटावर हिवाळा नाही, उन्हाळा नाही, आणि माझ्या हॉलमध्ये हे. म्हातारा खरं बोलत होता. मी खाली फरशीवर बसले आणि कितीतरी वेळ वर बघत राहिले. देवळातही मी असे हात जोडलेले नाहीत.

मग भीती वाटली. बाबा पहिलं विचारणार, यंदा वेगळं काय केलंत? टायमर, याखेरीज उत्तर नव्हतं. आणि ते शिक्षक होते. मिनिटभरात कळलं असतं त्यांना.

मी कात्री घेतली. वेल मुळापासून कापली. पिशव्या भरून सगळी फुलं स्वयंपाकघरातल्या शूटमध्ये, कचरा थेट तळमजल्याला सोडायच्या नळकांड्यात, टाकली. बाराव्या मजल्यावरून ती पडताना आवाजसुद्धा आला नाही. हातांचा वास दोन दिवस गेला नाही. सुहासला सांगितलं, वाळली. त्याने मान हलवली.

बाबांना मीच फोन केला, त्यांनाही तेच सांगितलं. त्यानंतर ते चार वर्षं होते, आणि त्या चार वर्षांत त्यांनी एकही झाड लावलं नाही, हे मला नंतर कळलं. फोनवर म्हणाले, "झाडं लावायचा माझाच हात गेला गं. आणि तुला मात्र उगाच रोज अकरापर्यंत जागवलं मी."

मी म्हटलं, त्यात काय, बाबा.